आजारी माशाची वेगळी टाकी

बाजारातून नवा बैल आणला म्हणजे जाणता शेतकरी तो लगेच दावणीला बांधीत नाही. आठ-पंधरा दिवस त्याला परसात चिंचेखाली वेगळा ठेवतो, त्याची वैरण वेगळी, पाण्याची बादली वेगळी. लाळ गळते का, अंगावर गाठी येतात का, शेण कसे टाकतो, हे पाहतो, आणि मगच गोठ्यात घेतो. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा ज्यांनी हा जुना रिवाज पाळला त्यांना त्याचे मोल कोणी समजावून सांगावे लागले नाही. आणि त्याआधी दोनच वर्षे, म्हणजे २०२० साली, गावोगावच्या शाळांत मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसांना चौदा दिवस ठेवले होते, तेव्हा दारात वही घेऊन बसण्याचे काम कित्येक गुरुजींनीच केले. तेव्हा 'वेगळे ठेवणे' या गोष्टीची ओळख मी आपल्याला करून द्यावी असे नाही. मला बोलायचे आहे ते माशाला वेगळे ठेवण्याबद्दल, तेही खाऱ्या पाण्यातल्या माशाला.

मासा तो मासा, त्याला कसले आलेय इस्पितळ, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. पण मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, तेव्हापासून काचेमागचे समुद्री मासे पाहून हरखून गेलेल्या मुलांच्या आता तीन पिढ्या झाल्या. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांत, हॉटेलांत, हौशी घरांत आज खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसतात. दुसरे असे, की समुद्रात पिंजरे टाकून त्यांत जिताडा वाढवण्याचा धंदा आता आपल्या देशात चालू झाला आहे, आणि मी ज्या रोगाविषयी सांगणार आहे तो जिताड्यालाही होतो. तिसरे कारण मला जास्त जवळचे आहे. खाऱ्या पाण्यातले जे रंगीत मासे विकत मिळतात त्यांतले बहुसंख्य आजही समुद्रातून, प्रवाळाच्या खडकांतून पकडून आणलेले असतात. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा हा त्याला अपवाद. त्याची पिले आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने टाकीत तयार करून दाखवली आहेत. बाकीच्यांचे तसे नाही. जो मासा समुद्रात वर्षानुवर्षे जगला असता तो आपल्या टाकीत पंधरा दिवसांत मेला, तर त्याच्या जागी दुसरा समुद्रातूनच येणार. म्हणून त्याला जगवणे हा नुसता हौसेचा प्रश्न राहत नाही.

आता रोगाकडे वळू. खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या अंगावर आणि परांवर बारीक पांढरे ठिपके येतात, जणू मिठाचे खडे कोणी भुरभुरले आहेत. मासा दगडाला अंग घासतो, खाणे टाकतो, हवेचे बुडबुडे निघतात तिथे किंवा पाण्याच्या पृष्ठाशी जाऊन थांबतो आणि त्याचे कल्ले भराभर हलू लागतात. याला साध्या भाषेत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणू. तो करणारा जीव एकपेशीय आहे, त्याच्या अंगभर पोहण्यासाठी सूक्ष्म केसांसारखी लव असते. त्याला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव ब्राऊन या संशोधकांनी दिले, तेही १९५१ सालीच. नावाचा अर्थ लपलेले केंद्रक असलेला आणि आग करणारा, असा काहीसा होतो. यातला 'लपलेला' हा शब्द माशाच्या वैद्याने पक्का लक्षात ठेवावा. नाव देणाऱ्यांच्या मनात पेशीतले केंद्रक होते, पण लपण्याची खोड त्या सबंध जिवालाच आहे.

गोड्या पाण्यातल्या माशांनाही असेच ठिपके येतात, पण तो करणारा जीव वेगळा. रूप सारखे, कूळ वेगळे. हे सांगितले अशासाठी, की गोड्या पाण्यातल्या माशाला ठिपके आले की पाण्यात मीठ टाकतात, आणि पुष्कळदा त्याचा गुण येतो. समुद्राच्या माशाच्या बाबतीत उलटे करावे लागते, ते पुढे येईलच.

या जिवाचा जन्मक्रम एकदा नीट समजून घेतला, की उपचाराचे सगळे नियम आपोआप सुटतात. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसून त्याला कुरतडणारा परोपजीवी. तो तिथे साधारण तीन ते सात दिवस राहतो. पोट भरले की तो कातडी फोडून बाहेर पडतो, काही तास तळाशी रांगतो आणि मग दगडाला, वाळूला, काचेला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. या कवचबंद अवस्थेला पुटी म्हणतात. पुटीच्या आत एकाचे दोन, दोनाचे चार असे तुकडे पडत जातात आणि एका पुटीतून दोनशेपर्यंत पिले तयार होतात. कधी तीन दिवसांत, कधी अठ्ठावीस दिवसांत पुटी फुटते. बहात्तर दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. फुटली की ती पिले पाण्यात पोहत सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळालाच पाहिजे, नाही मिळाला तर ती मरतात. पहिल्या काही तासांतच त्यांचा जोर सर्वांत जास्त असतो.

आणखी एक गंमत पाहा. परोपजीवी माशाला सोडतो तो बहुधा अंधारात, आणि पुट्या फुटतात त्याही अंधारातच. रात्री मासे तळाशी, कपारीत निजलेले असतात. तिथेच पुटी रुजली आणि तिथेच रात्री फुटली, तर पिलांना शिकार शोधायला लांब जावे लागत नाही. या जिवाला ना डोळे ना मेंदू, पण वेळ कशी साधली आहे!

मग समुद्रातले मासे का मरत नाहीत, असे वर्गातला एखादा मुलगा विचारील, आणि तो प्रश्न बरोबर आहे. समुद्रात पुटी एकीकडे राहते आणि मासा दुसरीकडे जातो. दोनशे पिलांतल्या एखाद्याला मासा सापडला तर सापडला, बाकीची अथांग पाण्यात विरून जातात. म्हणून तिकडे एखाद्या माशावर चार ठिपके येतात नि जातात, मासा सहसा त्याने दगावत नाही. टाकीत मात्र ती पिले, तोच मासा, आणि पळायला जागा दोन हात. पहिल्या फेरीत पाच ठिपके होते, तर आठवड्या-दोन आठवड्यांत पाचशे होऊ शकतात. टाकी काचेची आहे, पाणी स्वच्छ आहे, म्हणून आपल्याला ती समुद्रासारखी वाटते. रोगाच्या दृष्टीने ती एक बंद खोली आहे.

आता या चार अवस्थांपैकी औषध कोठे लागू पडते ते पाहा. माशाच्या कातडीखाली आहे तोवर परोपजीवी झाकलेला. पुटीत आहे तेव्हा कवचात बंद. औषधाच्या तावडीत सापडतो तो फक्त पाण्यात पोहणारा. म्हणजे आपण ठिपके पाहून औषध घालतो, पण ते औषध ठिपक्यांना मारीतच नाही! ठिपके जातात ते आपल्या वेळेने, परोपजीवी पोट भरून खाली उतरला म्हणून. औषध घातल्यावर चौथ्या दिवशी मासा स्वच्छ दिसू लागतो, मालक म्हणतो, "वा, उतार पडला," आणि औषध बंद करतो. खरे म्हणजे त्या वेळी रोग तळाशी बसून दोनशेपट होत असतो. दहा-पंधरा दिवसांनी तो परत येतो तेव्हा ठिपक्यांनी मासा दिसेनासा होतो आणि दोष दिला जातो औषधाला. बरे होण्याचे दिवस ठिपके गेले तेव्हापासून मोजायचे नाहीत आणि मासा किती आजारी दिसतो यावरूनही मोजायचे नाहीत. ते मोजायचे परोपजीवीच्या जन्मक्रमावरून. जुन्या काळी व्हेनिस बंदरात बाहेरून आलेली जहाजे चाळीस दिवस अडवून ठेवीत आणि त्या 'चाळीस दिवस' अर्थाच्या शब्दावरूनच 'क्वारंटीन' हा शब्द निघाला, जो प्लेगच्या दिवसांत आपल्या खेड्यांतही पोचला. त्या चाळिसाच्या आकड्यामागे रोगजंतूंचे ज्ञान नव्हते. आपल्याला ते आहे, त्याचा उपयोग करावा.

औषध मोठ्या टाकीतच का घालू नये? दोन कारणांनी. मोठ्या टाकीत माशांबरोबर कोळंबी असते, शंखातले खेकडे असतात, गोगलगायी असतात. या रोगावरचे जुने व खात्रीचे औषध म्हणजे तांबे, आणि तांबे या बिनकण्याच्या प्राण्यांना विष आहे. (प्रवाळ टाकीत ठेवणाऱ्यांचे लेख परदेशी पुस्तकांत पुष्कळ दिसतील. आपल्याकडे प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, ते घरी आणू नयेत.) दुसरे कारण असे, की टाकीतली वाळू, शिंपले, चुनखडीचे दगड हे तांबे शोषून घेतात. सकाळी मोजून घातलेले औषध संध्याकाळी पाण्यात निम्मेही उरत नाही. म्हणून आजारी मासा बाहेर काढायचा आणि त्याला वेगळ्या टाकीत औषध द्यायचे.

ही वेगळी टाकी दिसायला अगदी ओकीबोकी असावी. साठ-सत्तर लिटरची काचेची टाकी किंवा खाण्याच्या वस्तूंसाठी वापरतात तसला प्लास्टिकचा टब चालतो. तळाला वाळू नाही, दगड नाही, शंख-शिंपले नाहीत. पण माशाला दडायला जागा हवीच, उघड्यावर तो घाबरून अर्धा होतो. त्यासाठी नळाच्या प्लास्टिकच्या पाइपचे हात-वीतभर तुकडे टाकावेत. हवेचा पंप, स्पंजची गाळणी, वर झाकण किंवा जाळी, कारण आजारी मासाही उडी मारतो. गाळणीत कोळसा असेल तर काढून ठेवावा, तो औषध ओढून घेतो. जाळे, मग, फडके सगळे या टाकीचे वेगळे. पाण्याच्या थेंबाबरोबर, ओल्या हाताबरोबर रोग जातो, म्हणून ही टाकी मोठ्या टाकीला खेटून ठेवू नये. दुसऱ्या खोलीत ठेवता आली तर उत्तम. जाळे कडकडीत उन्हात वाळवले म्हणजे पुरे. पूर्ण वाळणे ही या जिवाची मरणाची खूण, आणि ऊन आपल्याकडे फुकट आहे.

इथे एक धोका आहे, आणि माझ्या मते वेगळ्या टाकीत मासे मरतात ते रोगापेक्षा या धोक्याने अधिक. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. बंद गोठ्यात पहाटे शिरल्यावर नाकाला झोंबतो तोच अमोनिया. जुन्या टाकीत याची वाट लावणारे जिवाणू दगडांवर, गाळणीत वसलेले असतात. शेतातल्या मातीत अमोनियाचे नायट्रेट करणारे असतात त्याच जातकुळीचे. नव्या, कोऱ्या टाकीत ते नसतात. त्यात समुद्राचे पाणी अल्कधर्मी, आणि अशा पाण्यात अमोनिया अधिक जहरी होतो. तेव्हा शहाणा माणूस काय करतो, तर एक जादा स्पंज मोठ्या टाकीच्या गाळणीत कायमचा टाकून ठेवतो. वेळ आली की तो जिवाणूंनी भरलेला स्पंज उचलून वेगळ्या टाकीत लावायचा. विरजण जपून ठेवतात तसे हे आहे. मोठ्या टाकीत रोग शिरलेला असेल तरी हरकत नाही, कारण हा स्पंज रोगी टाकीतच जातो आहे. अमोनिया मोजण्याची रंगाची बाटली जवळ असावी, आणि तो दिसू लागताच चौथा हिस्सा पाणी बदलावे. बदललेल्या पाण्यात औषधही त्याच प्रमाणात हवे, हे विसरले जाते. प्रतिजैविके टाकीत ओतण्याचा मोह टाळावा. हा रोग जिवाणूंचा नाही, आणि ती औषधे आपले कामाचे जिवाणूच मारून बसतात.

आता तांब्याचे प्रमाण. मोरचूद म्हणजे तांब्याचेच एक क्षार, आणि ते शेतकऱ्याला परके नाही. सुपारीच्या कोळेरोगावर आणि द्राक्षाच्या केवड्यावर आपण मोरचूद आणि चुना मिळून बोर्डो मिश्रण फवारतो. एक टक्क्याच्या मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद लागते. माशाच्या टाकीत तांबे हवे ते लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबे असते. तेव्हा शंभर लिटर पाण्याला २० मिलिग्रॅम तांबे, म्हणजे जवळजवळ ८० मिलिग्रॅम मोरचूद. एका ग्रॅमचा दहावा भागही नाही! फवाऱ्याच्या मिश्रणाशी तुलना केली तर साडेबारा हजारपट कमी. गुरुजींनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे. मुलांना 'दशलक्षात एक भाग' हा शब्दप्रयोग त्यातून जितका कळेल तितका व्याख्येने कळणार नाही.

एवढे अल्प वजन घरच्या काट्यावर होत नाही. त्यासाठी ८ ग्रॅम शुद्ध मोरचूद एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवून ठेवतात. या द्रावाच्या १० मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम आले. शेतीचे मोरचूद यासाठी वापरू नये, त्यात भेसळ व अशुद्धी असते. प्रयोगशाळेचे घ्यावे, किंवा माशांसाठी मिळणारे तयार तांब्याचे औषध घ्यावे. तयार औषधांपैकी काहींत तांबे दुसऱ्या पदार्थाशी बांधलेले असते, त्यांचे प्रमाण निराळे. तिथे बाटलीवर लिहिले असेल तेच खरे, माझा आकडा नव्हे. सगळी मात्रा एकदम न घालता दोन-तीन दिवसांत चढवत न्यावी आणि दिवसातून दोनदा तपासणी करावी. ०.१५ च्या खाली गेले तर परोपजीवी जगतो, ०.२० च्या फार वर गेले तर मासा मरतो. दोहोंमधली वाट अरुंद आहे. तपासणीचा संच नसेल तर तांब्याच्या वाटेला जाऊच नये असे मी स्पष्ट म्हणतो. पाकट आणि मुशी यांना तर तांबे मुळीच सोसत नाही. उपचार निदान तीन ते चार आठवडे, मध्ये खंड न पडता. माशावरचा शेवटचा परोपजीवी आठवडाभरात खाली उतरतो, त्यानंतर जी जी पिले निघतील ती पाण्यातच मरायला हवीत, आणि एखादे दिवशी प्रमाण घसरले असेल तर त्याचीही भरपाई व्हायला हवी, म्हणून एवढे दिवस. शेवटी माशाला दुसऱ्या स्वच्छ पाण्यात हलवावे, म्हणजे तळाशी उशिरा फुटणाऱ्या पुट्या मागेच राहतात.

औषधाशिवाय दोन उपाय आहेत, आणि शाळा-महाविद्यालयांसाठी मला तेच अधिक बरे वाटतात.

पहिला मीठ कमी करण्याचा. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे पस्तीस भाग क्षार असतात. समुद्री माशाच्या रक्तात त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी सारखे बाहेर ओढले जाते, आणि ते भरून काढायला तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. पाण्यात राहून बिचाऱ्याला तहान लागते म्हणा ना! मनुका पाण्यात टाकली की फुगते आणि काकडीला मीठ लावले की पाणी सुटते, हा परासरणाचा नियम आपण वर्गात शिकवतो. तोच इथे चालला आहे. आता पाण्याची क्षारता पस्तिसावरून पंधरावर आणली तर माशाचे ओझे हलके होते, पण परोपजीवीच्या पुट्या मात्र पाणी शोषून बिघडतात, त्यांतून पिले निघत नाहीत. इस्राएलमधील ऐलात येथे कोलोर्नी या संशोधकाने टाकीत वाढवलेल्या माशांवर हा उपाय तपासून १९८५ साली प्रसिद्ध केला. प्रमाण सोपे आहे : तीन भाग समुद्राचे पाणी आणि चार भाग गोडे पाणी मिसळले की पस्तिसाचे पंधरा होतात. गोडे पाणी नळाचे असेल तर त्यातले क्लोरीन आधी घालवावे. क्षारता एकदम न उतरवता दोन दिवसांत उतरवावी, तीन-चार आठवडे ठेवावी, आणि पुन्हा चढवताना त्याहून सावकाश, पाच-सहा दिवस घ्यावेत. उतार सोपा असतो, चढण माशालाही जड जाते. मोजायला चांगले साधन हवे. अठरा-वीसवर राहिले तर रोग हटत नाही. शिवाय कमी क्षारतेत टिकून राहणारे वाणही कोठे कोठे आढळले आहेत, तेव्हा ठिपके परत दिसले तर हट्ट न धरता दुसरा उपाय करावा.

दुसरा उपाय मला फार आवडतो, कारण त्यात औषध नाही, नुसते कॅलेंडर आहे. पुटी फुटायला कमीत कमी तीन दिवस लागतात, हे आपण पाहिले. मग मासा तीन दिवसांहून अधिक एका पाण्यात ठेवायचाच नाही! दोन टब घ्यायचे. पहिल्यात मासा सोडला की तीन दिवसांत काही परोपजीवी खाली उतरून पुट्या करतील. तिसरा दिवस भरताच मासा उचलून दुसऱ्या टबात, नव्या पाण्यात. पहिला टब, पाइपचे तुकडे, हवेची नळी, सगळे धुऊन कडक उन्हात वाळवायचे. त्यात रुजलेल्या पुट्या तिथेच खलास. पुन्हा तीन दिवसांनी मासा या वाळलेल्या टबात. असे चार वेळा केले, की बाराव्या-तेराव्या दिवशी माशाच्या अंगावर उतरायचे कोणी शिल्लक नाही आणि चढायचे कोणी जन्मलेच नाही. हलवताना मासा जाळ्याने उचलून निथळून घ्यावा, जुने पाणी बरोबर येऊ देऊ नये. दोन्ही पाण्यांचे तापमान व क्षारता एक असावी. दिवस चुकवायचा नाही, रविवार असो की गणपतीची सुट्टी. आमच्या प्रयोगशाळेत या कामाचा तक्ता भिंतीवर लावतो आणि विद्यार्थी पाळीपाळीने सह्या करतात. या जिवाच्या जन्मक्रमाची आकृती परीक्षेत काढताना ज्या मुलांचे बाण उलटसुलट व्हायचे, त्यांतल्याच मुलांनी टब हलवल्यावर ती न पाहता काढलेली मी पाहिली आहे.

समुद्राचे पाणी कोठून आणायचे? किनाऱ्यावर असाल तर भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून दूर, स्वच्छ जागचे आणावे आणि गाळून घ्यावे. पावसाळ्यात आणू नये, नद्यांच्या पुराने ते पातळ आणि गढूळ झालेले असते. देशावर तयार क्षारांची पुडी पाण्यात विरघळवून करतात. स्वयंपाकाचे मीठ घालून समुद्राचे पाणी होत नाही, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे बाकीचे सोबती नसतात.

सगळे ठिपके एकाच रोगाचे नसतात, हेही सांगितले पाहिजे. ठिपके मिठासारखे न दिसता पिवळसर धुळीसारखे, मखमलीसारखे दिसले, आणि मासा एक-दोन दिवसांतच धापा टाकू लागला, तर तो मखमली रोग असावा. त्याला कमी क्षारतेने काही होत नाही. तिथे तांबेच लागते आणि तेही तातडीने. डोळे धुरकट झाले, अंग घासतो पण ठिपका दिसत नाही, तर अंगाला चपटे कृमी चिकटलेले असू शकतात. माशाला गोड्या पाण्यात, तापमान सारखे करून, डोळ्यांत तेल घालून तीन-चार मिनिटे धरले तर हे कृमी पांढरे होऊन तिळांसारखे खाली पडतात. आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग कधीकधी फक्त कल्ल्यांत असतो, बाहेर एकही ठिपका नसतो. म्हणून अंगाकडे पाहण्याआधी श्वासाकडे पाहावे. निरोगी असताना आपला मासा मिनिटाला किती वेळा कल्ले हलवतो हे मोजून लिहून ठेवले असेल तर संशय आल्यावर ताडता येते.

मासे वेगळ्या टाकीत बरे होत असताना मोठ्या टाकीचे काय? काही नाही. तिच्यात औषध घालायचे नाही, ती उपसायची नाही. एकही मासा न ठेवता चालू ठेवायची, कोळंबी-खेकड्यांना खाऊ घालायचे. पुट्या आपापल्या वेळी फुटतील, पिले मासा शोधतील, आणि न मिळाल्याने एक-दोन दिवसांत संपतील. सहा आठवडे तर हवेतच. बहात्तर दिवसांची ती नोंद ध्यानात घेऊन मी अडीच महिने सांगतो. इतके दिवस मुले टाकीसमोर उभी राहून "सर, मासे कधी?" म्हणून विचारतात. एकच मासा 'बरा दिसतो' म्हणून मागे ठेवला तर साऱ्या दिवसांवर पाणी पडते, कारण त्या एकट्याच्या अंगावर रोगाचे घर चालू राहते. शेत पडीक ठेवायचे आणि त्यात एक वाफा पेरायचा, तसे ते होईल.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मुळात नवा मासा आला की तो महिनाभर या वेगळ्या टाकीतच उतरवणे, ठिपके असोत वा नसोत. दुकानातला मासा पुष्कळ हातांतून, पुष्कळ पाण्यांतून आलेला असतो. त्या महिन्यात तो आपल्या हातचे खायला शिकतो, अंग धरतो. नवे खेकडे, शंख किंवा दगड हे स्वतः आजारी पडत नाहीत, पण त्यांच्या कवचावर पुट्या येऊ शकतात, तेव्हा त्यांनाही तसेच मासे नसलेल्या पाण्यात काही आठवडे ठेवावे.

उपचार संपल्यावर तांब्याचे पाणी विहिरीजवळ, ओढ्यात, तळ्यात किंवा खाजणात ओतू नये. तिथल्या कोळंब्या, गोगलगायी आणि मासळीचे बी यांनाही तांबे बाधते. कोळशाच्या गाळणीतून ते दिवसभर फिरवावे, तपासणीत तांबे दिसेनासे झाले म्हणजे पाण्यापासून दूर, झाडे नसलेल्या जागी टाकावे, कारण त्यात मीठ तर आहेच. मेलेला मासा पुरावा. टाकीचा कंटाळा आला किंवा माशांची संख्या जास्त झाली तरी दुकानातून आणलेला मासा समुद्रात नेऊन सोडू नये, ज्याला हवा असेल त्याला द्यावा, आणि देताना कोणकोणते उपचार झाले आहेत ते तारखांसह कागदावर लिहून द्यावे.